रेस्क्यू उत्खननात पहिल्यांदा जाताय? सातारा-सांगलीकडच्या साइटवर काम कसं लावायचं आणि नोंद कशी ठेवायची

रेस्क्यू उत्खनन म्हणजे जिथे रस्ता, कालवा, धरण नाहीतर एखादा कारखाना होणारच आहे, तिथे मशीन लागायच्या आधी जेवढं खणून, मोजून, लिहून काढता येईल तेवढं काढून घ्यायचं. नेहमीच्या उत्खननात एखादा कोपरा राहिला तर पुढच्या सीझनला खणता येतो, इथे पुढचा सीझनच नसतो, काही महिन्यांनी तिथे डांबर नाहीतर पाणी असणारे. म्हणजे जे तुमच्या शीटवर, ड्रॉइंगमध्ये आणि फोटोत आलं तेवढंच शिल्लक राहणार. आपल्याकडचं मोठं उदाहरण आंध्रातल्या नागार्जुनकोंड्याचं, धरणाचं पाणी यायच्या आधी १९५४ ते १९६० मध्ये आर. सुब्रह्मण्यम यांच्या देखरेखीखाली अख्खं खोरं खणलं, काही वास्तू उचलून टेकडीवर नेऊन परत उभ्या केल्या, आणि आज ती टेकडी बेट झालीय. बाकी खोऱ्याबद्दल जे काही माहितीय ते बहुतेक त्या सहा वर्षांच्या नोंदींतून.

मी हे एम.ए. करणाऱ्या मुलामुलींसाठी आणि सिव्हिलमधून पहिल्यांदा साइटवर सर्व्हेला येणाऱ्यांसाठी लिहितोय. पुस्तकात ट्रेंच, म्हणजे उत्खननाचा मोजून आखलेला खड्डा, कसा आखायचा ते असतं, पण पन्नास माणसं, दोन जेसीबी आणि डोक्यावर तारीख असताना नोंद कशी सांभाळायची हे कुणी नीट सांगत नाही.

पहिलं काम कागदाचं. उत्खननाचं लायसन्स भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण देतं, त्यासाठी प्रस्ताव केंद्रीय सल्लागार मंडळाच्या समितीपुढे जातो, आणि ते हातात येईपर्यंत खुरपंसुद्धा लावायचं नाही, कितीही घाई असली तरी. राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला, जिल्हाधिकारी ऑफिसला आणि तहसीलदारांना आधीच लेखी कळवून ठेवा. कुणाच्या शेतात अचानक नाणी नाहीतर दागिने निघाले तर १८७८ चा निखात निधी कायदा लागतो, १० रुपयांच्या वरची वस्तू असली तर सापडणाऱ्याने कलेक्टरला कळवायलाच लागतं. हे शेतकऱ्यांना शांतपणे समजावून सांगायची जबाबदारी आपली, नाहीतर माणूस घाबरून वस्तू गायब करतो आणि ती कुठल्या थरात होती हे कायमचं जातं.

मग जमीन बघायची. कृष्णाकाठी आणि आतल्या गावांतही जुन्या वस्तीची जागा गावातल्या म्हाताऱ्या माणसांना माहीत असते, गावाबाहेर एखादं पांढरीचं टेकाड असतंच, राखट भुसभुशीत माती, पावसानंतर खापरं वर आलेली. ही माती पूर्वीपासून लोक शेतात खत म्हणून नेत आलेत, आणि नदीकडेच्या मळईची माती वीटभट्ट्यांना जाते, त्यामुळे अर्धं टेकाड कधीच कापलेलं असू शकतं. अशी कापलेली कडा मिळाली तर सोनं समजा, खुरप्याने ती साफ केली की एक चमचा माती न खणता सगळे थर फुकटात बघायला मिळतात. कराडच्या आसपास तर डोळे जास्तच उघडे ठेवायचे, आगाशिवच्या डोंगरात साठच्या वर बौद्ध लेणी आहेत, मध्य प्रदेशातल्या भारहूतच्या स्तूपावरच्या दानलेखांमध्ये कराडच्या दात्यांची नावं करहाकट म्हणून येतात, म्हणजे सातवाहनांच्या काळातलं शहर इथेच पायाखाली आहे. खाली कोल्हापुरात ब्रह्मपुरीला पोसायडन या समुद्रदेवाचा रोमन बनावटीचा काशाचा पुतळा निघालेला. त्यामुळे एखादं विचित्र जाड खापर दिसलं तर कौलाचा तुकडा म्हणून फेकू नका.

पाहणी करताना दहा-दहा मीटरच्या अंतराने रांगेत चालायचं, जे दिसेल त्याचा जीपीएस पॉइंट घ्यायचा. आणि ऊस उभा असेल तर ही पाहणी होतच नाही, हे प्रोजेक्टवाल्यांना पहिल्या मीटिंगलाच सांगायचं. तोडणी झाली, पाचट निघालं की जमीन दिसते. म्हणजे प्लॉट कुठला आधी घ्यायचा हे उसाच्या तोडीवर ठरतं, आणि त्याच महिन्यांत मजूरही मिळत नाहीत कारण सगळे फडात असतात. हे दोन्ही धरून कॅलेंडर करा, गावची जत्रा कधी तेही विचारा, कराड तालुक्यात पौषात पालीच्या खंडोबाची यात्रा असते तेव्हा कुणी येईल ही अपेक्षाच ठेवायची नाही. पावसाच्या आत म्हणजे मे संपायच्या आत खणणं संपलेलं पाहिजे, जूनमध्ये काळी माती फुगते आणि ट्रेंचच्या भिंती बसतात.

पाहणीनंतर ट्रायल ट्रेंच. इंग्लंडात अशा कामात साधारण जागेच्या २ ते ५ टक्के क्षेत्रावर चाचणीचे चर घेतात, दीड-दोन मीटर रुंद. त्यावरून कुठे दाट वस्ती, कुठे नुसतं शेत हे कळतं, आणि मग मोठी जागा उघडायची. उघडताना जेसीबी वापरायला हरकत नाही, लोक उगाच घाबरतात, पण बकेट दात नसलेला सपाट पाहिजे, एका वेळी १० ते १५ सेंटीमीटरच काढायचं, मशीनने मागे मागे सरकायचं म्हणजे उघडलेल्या जागेवर टायर येत नाहीत, आणि एक माणूस कायम बकेटवर नजर ठेवून उभा. तो माणूस मोबाइलवर बोलणारा नको. ड्रायव्हरशी पहिल्या दिवशीच बसून चहा घ्या आणि त्याला खापर, राख, भाजलेली माती हातात देऊन दाखवा, चांगला ड्रायव्हर आठवड्याभरात तुमच्याआधी मातीतला रंग ओळखायला लागतो. वरची सुपीक माती वेगळ्या ढिगात ठेवायची कारण काही जमिनी शेतकऱ्याला परत द्यायच्या असतात, आणि ढीग ट्रेंचच्या काठाला चिकटून लावायचा नाही.

मशीन यायच्या आधी सर्व्हेअरने दोन पक्के पॉइंट काँक्रीटमध्ये बसवायचे, कामाच्या हद्दीबाहेर, कारण खुंट्या पोकलेन उडवणार हे गृहीत धरा. सातारा-सांगलीसाठी यूटीएम (नकाशाची मीटरमधली जागतिक ग्रिड) झोन ४३ उत्तर. सगळ्यांनी तोच वापरायचा, एकाने लोकल ग्रिड आणि दुसऱ्याने यूटीएम असं झालं तर ऑफिसात डोकं फुटतं. टोटल स्टेशन (अंतर, कोन आणि उंची मोजायचं इलेक्ट्रॉनिक यंत्र) बंद पडलं तर साध्या लेव्हलने उंची काढता आली पाहिजे: बेंचमार्क, म्हणजे उंची आधीच माहीत असलेला पॉइंट, ५६८.४२० मीटर, त्यावर स्टाफचं (उभ्या मोजपट्टीचं) रीडिंग १.३१०, म्हणजे इन्स्ट्रुमेंटची उंची ५६९.७३०. आता खड्ड्याच्या तळाशी स्टाफ ठेवून २.१५० आलं तर तळ ५६७.५८०. नुसतं २.१५० लिहून ठेवायचं नाही, गणित तिथेच उन्हात उभं राहून पूर्ण करायचं.

आता मुख्य गोष्ट, नंबर. जमिनीत झालेल्या प्रत्येक कृतीला एक कॉन्टेक्स्ट नंबर. थर साचला, एक नंबर. कुणीतरी खड्डा खणला, त्या कापाला एक नंबर. तो खड्डा नंतर भरला, त्या भरावाला वेगळा नंबर. काप आणि भराव एकच धरायचे नाहीत, खड्डा खणणारा माणूस आणि त्यात कचरा टाकणारा माणूस यांच्यात शंभर वर्षांचं अंतर असू शकतं. हाच नंबर खापरांच्या पिशवीवर, फोटोच्या पाटीवर, ड्रॉइंगवर, मातीच्या सँपलवर. नंबर देणारी वही एकच आणि ती एकाच माणसाकडे. साइट मोठी असेल तर प्रत्येक ट्रेंचला आधीच ब्लॉक वाटून द्या, ट्रेंच १ ला १००० ते १९९९, ट्रेंच २ ला २००० पासून पुढे, म्हणजे दोन सुपरवायझर एकच नंबर वापरायचा प्रश्न येत नाही. इंग्लंडात केंब्रिजजवळच्या ए१४ रस्त्याच्या कामात अडीचशेच्या आसपास लोक खणत होते, एवढ्या हातांचं काम नंबरच्या शिस्तीशिवाय जुळूच शकत नाही. नंबर चुकून वाया गेला तर वहीत "रद्द" लिहून सोडून द्यायचा, परत वापरायचा नाही.

एक उदाहरण सावकाश बघू, कारण हे जमलं की बाकी जमतं. सांगलीकडे पेव, म्हणजे धान्य-हळद साठवायचा जमिनीतला खड्डा, सगळ्यांना माहिती असतं, हरिपूरची हळदीची पेवं तर प्रसिद्ध, तोंड अरुंद आणि आत पोट मोठं. समजा मशीनने वरचा थर काढल्यावर पिवळट मातीत एक गोल करडा डाग दिसला. लगेच खणायचं नाही. शेतातला फवारणीचा पंप आणा, साधं पाणी भरून जागा हलकी ओली करा, खुरप्याने एका दिशेने ओढत साफ करा, खुरपं नेहमी साफ भागाकडून घाण भागाकडे, म्हणजे कचरा साफ केलेल्यावर येत नाही. सकाळी सात-साडेसातला ऊन तिरपं असताना कड जेवढी स्वच्छ दिसते तेवढी दुपारी बारा वाजता दिसत नाही, दुपारी सगळं पांढरं फटक. कड दिसली की खिळ्याने कोरून घ्या, वरून फोटो, १:२० ला प्लॅन, लेव्हल. काप १११२, भराव १११३. आता डागाच्या मधोमध सुतळी लावून अर्धाच भाग खणायचा. अर्धा काढला की उरलेल्या अर्ध्याची उभी भिंत समोर येते आणि त्यात गोष्ट दिसते: तळाला काळा पातळ थर, तो धान्याचा किंवा पेव भाजून कोरडं केल्याचा असू शकतो, त्यावर बाजूची पिवळी माती ढासळून आलेली तिरपी पाचर, म्हणजे पेव काही काळ उघडं पडून होतं, आणि त्यावर राख-हाडं-खापरं असा गावचा कचरा. म्हणजे १११३ हा एक भराव नव्हताच, तीन होते. हरकत नाही, नवीन नंबर घ्या १११४, १११५, शीटवर लिहा की १११३ आता फक्त वरच्या कचऱ्याला, सेक्शन, म्हणजे त्या उभ्या भिंतीचं ड्रॉइंग, १:१० ला काढा, फोटो घ्या, आणि मग उरलेला अर्धा थराथराने, वरून खाली, वेगवेगळ्या पिशव्यांत. तळ अरुंद तोंडाच्या आत बाजूला पसरत जात असेल तर आत वाकून खणू नका, वरची माती अंगावर येते, बाजूने कापून मोकळं करा.

शीटवर लिहायचं ते दोन भागांत. आधी दिसतंय ते: रंग, पोत, किती घट्ट, आत काय काय आणि किती, कड स्पष्ट की पुसट, मापं. रंगासाठी मन्सेल चार्ट (मातीच्या रंगांचे ठरलेले नमुने आणि नंबर असलेलं पुस्तक) वापरायचा, आणि माती ओली करून बघायची, कारण एकाची "तपकिरी" दुसऱ्याची "करडी" असते. मग खाली वेगळ्या चौकटीत तुम्हाला काय वाटतं ते. "कचऱ्याचा खड्डा" एवढंच लिहून शीट देणारा सुपरवायझर पुढच्या माणसाला काहीच देत नाही, उद्या कुणाला तुमचं मत पटलं नाही तर त्याने तपासायचं कशावर? हवामान, कोण खणत होतं, घाई झाली का, मशीनने वरचे पाच सेंटीमीटर गेले का, हेही लिहा. मला स्वतःला सगळ्यात उपयोगी पडतात त्या अशाच प्रामाणिक ओळी.

काळ्या मातीत अजून एक लक्षात ठेवायचं, उन्हाळ्यात हातभर खोल भेगा पडतात आणि वरच्या वस्तू त्यातून खाली जातात. प्राचीन थरात प्लॅस्टिकचं बटण मिळालं की सगळे गोंधळतात. भेग दिसली की तिचा भराव आधी वेगळा काढा, वेगळी पिशवी, आणि शीटवर भेगा होत्या अशी नोंद.

मग मॅट्रिक्स. एडवर्ड हॅरिस यांनी १९७३ मध्ये काढलेली पद्धत आहे, कुठला कॉन्टेक्स्ट कुणाच्या वर, कुणी कुणाला कापलं, हे चौकोनांनी आणि रेघांनी दाखवायचं. आमचं उदाहरण घेतलं तर १११३ च्या खाली १११४, त्याखाली १११५, त्याखाली काप १११२, आणि कापाखाली ती पिवळी माती. रोज संध्याकाळी ट्रेंच सोडायच्या आधी तिथेच बसून काढायचं. रेघ फिरून परत त्याच नंबरवर आली तर कुठेतरी चूक आहे, आणि चूक शोधायला तो खड्डा अजून समोर आहे तोपर्यंतच संधी. शनिवारी सगळं एकदम काढू म्हणणाऱ्यांना हे कळकळीने सांगतो, शनिवारपर्यंत ती जागा खाली गेलेली असते.

सगळं खणून होणार नाही हे मान्य करून टाका. दफनं आणि घरांचे अवशेष पूर्ण, खड्डे निदान अर्धे, लांबलचक चर-खंदक साधारण दहा-वीस टक्के आणि जिथे एक दुसऱ्याला कापतो तिथे नक्की, असा इंग्लंडातला ढोबळ नियम आहे आणि तो इकडेही चालतो. पण जे सोडलं ते प्लॅनवर आलंच पाहिजे, न खणलेला खड्डासुद्धा नंबर घेऊन जातो. काय सोडायचं हे डायरेक्टरने ठरवायचं आणि कारण लिहून सही करायची, ट्रेंचमधल्या पोरांवर ढकलायचं नाही.

दफन निघालं तर काम थांबवा आणि अनुभवी माणूस बोलवा. इनामगाव, नेवासे, दायमाबादकडे जोर्वे काळात, म्हणजे साधारण तीन हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाण शेतकरी वस्त्यांत, लहान मुलांना दोन कुंभ तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखाली पुरायचे, मोठ्या माणसांचे पाय घोट्याखाली तोडलेले मिळतात. म्हणजे पावलं "नाहीत" ही सुद्धा नोंद आहे, ती खणणाऱ्याच्या घाईत हरवली का मुळातच नव्हती हे फक्त त्या वेळी खणणाराच सांगू शकतो. कुंभ तिथे फोडून रिकामा करू नका, मातीसकट बांधून लॅबला न्या. आणि आजूबाजूला मोठ्याने हसणं-सेल्फी नको, कुणाचं तरी लेकरू आहे ते.

वस्तूंचं थोडक्यात. साधी खापरं धुवायची, पण आतून काळा थर चिकटलेलं खापर, धातू, ठिसूळ झालेली हाडं धुवायची नाहीत. लेबल दोन, एक पिशवीच्या आत एक बाहेर, पेन्सिलने किंवा न पुसणाऱ्या मार्करने. धातूबरोबर ओल शोषायला सिलिका जेल. कोळसा रेडिओकार्बनसाठी, म्हणजे त्याचं वय काढायला, हवा असेल तर हात न लावता चिमट्याने ॲल्युमिनियम फॉइलमध्ये. प्रत्येक महत्त्वाच्या कॉन्टेक्स्टची २० ते ४० लिटर माती वेगळी काढा आणि दोनशे लिटरच्या ड्रममध्ये मोटारीचं पाणी सोडून फ्लोटेशन करा, जळलेले दाणे वर तरंगतात, बारीक जाळीत धरायचे आणि सावलीत वाळवायचे. इनामगावचे लोक मुख्यतः बार्ली पिकवायचे, मसूर-कुळीथ खायचे हे असल्याच जळक्या दाण्यांवरून कळलं. वर्तमानपत्रवाले नाणं मागतात, पण गाव काय खात होतं हे त्या ड्रममधून येतं.

माणसं. बाहेरून मजूर आणण्यापेक्षा गावातले घ्या, शेतात आयुष्य गेलेल्या मावशींचा खुरप्यावरचा हात पदवीवाल्यांपेक्षा नाजूक चालतो. "आबा, इथं माती बदलली का बघा जरा" असं विचारलं की आबा बरोबर सांगतात. काय शोधतोय, का शोधतोय हे त्यांना रोज सांगा. सावली, प्यायचं पाणी, बायकांसाठी संडासची सोय, हजेरी रोज, पगार ठरल्या दिवशी, याच्यात तडजोड नको. सव्वा मीटरच्या खाली गेलात तर पायऱ्या द्या किंवा आधार लावा. सकाळी ताडपत्री काढताना काठीने उचला, खाली घोणस असू शकते.

गुप्तधनाची अफवा पहिल्या आठवड्यात उठणार. रात्री कुणीतरी येऊन खणून जातं, आणि एका रात्रीत महिन्याचं काम उद्ध्वस्त होतं. त्यामुळे कामाला सुरुवात करतानाच ग्रामपंचायतीत बसा, सरपंच, पोलीस पाटील, तरुण मंडळं सगळ्यांना बोलवा, निघालेली खापरं मांडून दाखवा, शाळेच्या पोरांना एक दिवस साइटवर आणा, आणि रात्रीचा राखणदार गावातलाच ठेवा. वीरगळ, सतीशिळा रस्त्याच्या रेषेत येत असतील तर लक्षात ठेवा, त्याला शेंदूर लागतो, नैवेद्य होतो, तो गावचा देव आहे. आधी जागेवर फोटो, मापं, तोंड कुठल्या दिशेला ते, पायाशी काय आहे ते, मग गावाने ठरवलेल्या जागी, गावाच्या हाताने हलवायचा.

रोज संध्याकाळचा एक तास नोंदीसाठी राखून ठेवा, चार-साडेचारला खणणं बंद. शीट पूर्ण आहेत का, फोटो वहीतले नंबर आणि कॅमेऱ्यातले फोटो जुळतात का, प्रत्येक फोटोत स्केल आणि उत्तर दिशा आहे का, पिशव्या वहीप्रमाणे आहेत का. फोटो आणि सर्व्हेचा डेटा त्याच रात्री दोन हार्डडिस्कवर आणि नेट मिळेल तिथे क्लाउडवर, दोन्ही डिस्क एकाच गाडीत ठेवायच्या नाहीत. टॅबवर शीट भरत असाल तरी नंबरची वही कागदाचीच असू द्या.

आणि शेवटचा टप्पा, जागा सोडणं. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस रोज येऊन विचारेल, कधी मोकळं करताय. ट्रेंचवार मोकळं करा, पण त्या ट्रेंचचं मॅट्रिक्स, सगळी शीट, सेक्शन आणि लेव्हल दुसऱ्या कुणीतरी तपासून सही केल्याशिवाय ताबा पत्रावर सही करायची नाही. तपासणारा तो ट्रेंच खणणारा नको. काही राहिलेलं सापडलं तर अजून भिंत उभी आहे, शिडी लावून खाली उतरून मोजता येतं. सही झाली की जेसीबीला हात दाखवायचा. त्यानंतर रिपोर्टचे महिने चालू होतात, त्यासाठीचे पैसे खणायच्या बजेटमध्ये आधीच वेगळे काढून ठेवलेले पाहिजेत, साधारण जेवढा वेळ खणायला तेवढाच नंतर लागतो असं धरा. मूळ कागद, डेटा आणि वस्तू लायसन्समध्ये लिहिलंय तिथे जमा करा, आणि ज्या गावाची जमीन खणली त्या ग्रामपंचायतीला मराठीतला आठ-दहा पानांचा रिपोर्ट फोटोंसकट नेऊन द्या, वाचून दाखवायलाही एक संध्याकाळ ठेवा.